डावीकडे चढलेली वेल

१

"बाटली फिरव पोरी, मान नोको फिरवू. डोया एका जागी ठेव. वेल आपल्या पायानं चालत येते."

बाटल्या रंगवायचा कारखाना चालवणाऱ्या आबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी बाटली हातात घेतली की सत्यभामाबाईंना आधी हा आवाज ऐकू यायचा, मग ओठांवर नाम यायचं. नवरा गेल्यावर चिखलीला भावाच्या आश्रयाला आलेल्या एका मुकाट पोरीच्या हातात आबांनी कुंचला दिला, त्याला आता वीस वर्षं होत आली होती. सरकीच्या गोदामाला लागून असलेली ती लांब पत्र्याची शेड हेच मग तिचं दुसरं देवघर झालं. कोऱ्या काचेच्या बाटल्या पेंढ्यात बांधून तिथं यायच्या. त्यांच्यावर वेलबुट्टी चढायची, तेलाचं नाव चढायचं, गळ्याशी सोन्याच्या पाण्याची रेघ फिरायची आणि भट्टीतून निघाल्यावर साधं खोबरेल असलं तरी लग्नात आहेर करावा असं दिसायचं.

त्या गुरुवारी मात्र टेबलावरची बाटली सत्यभामाबाईंना हातात घेववत नव्हती.

बाटलीवर त्यांचीच मोगऱ्याची वेल होती. वेलीवर मागं वळून पाहणारी त्यांचीच मैना. आणि मैनेखाली नाव होतं दुसऱ्याच तेलाचं, 'केशरूपा'.

"धामणगाव बढ्याच्या बाजारात भेटली," शंकरराव म्हणाले. ते कारखान्याचे फिरते विक्रेते. नमुने घेऊन गावोगाव हिंडायचे. "दुकानात ओळीनं मांडून ठेवल्या हायेत. मले दुकानदार म्हणते, कालच माल आला, घेऊन जा बायकोले."

आबांचे चिरंजीव रंगराव आता मालक होते. ते हसले नाहीत. ही नक्षी अकोल्याच्या एका शेठजींनी 'कुंतलश्री' तेलाच्या दिवाळीच्या खास बाटलीसाठी पसंत केली होती. अट एकच, दिवाळीपर्यंत ती बाहेर कुणाच्या नजरेला पडायची नाही. आणि इथं अजून भाद्रपदही सरला नव्हता.

"नक्षीचा कागद कोणाजवळ असते?" रंगरावांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा कोकिळेकडं गेल्या. एकोणीस वर्षांची ही पोर रोहिणखेडची. मामाकडं राहून दोन वर्षं सत्यभामाबाईंच्या हाताखाली शिकत होती. नक्षीच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची.

"माह्याजवळ," ती म्हणाली. "पण कागद तं जाग्यावरच हाय, भाऊ."

"कागद जाग्यावर हाय, नक्षी गेली ना बाजारात! पोळ्याले तू चार दिवस गावाकडं गेल्ती. रोहिणखेडाहून धामणगाव किती लांब हाय वं?"

कोकिळेचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. तिची सोयरीकही धामणगावातच ठरली होती. दसऱ्याला कुंकू लावायचं होतं. ते शंकररावांनी बोलून दाखवलं, म्हणजे जे राहिलं होतं तेही झालं.

"किल्ली ठेव आन् तुह्या गावाकडं जाय," रंगराव म्हणाले.

दारापाशी सत्यभामाबाईंनी तिला गाठलं. पोरीच्या हनुवटीवर हिरव्या रंगाचा डाग होता. तो पुसायचंही तिला भान नव्हतं.

"मावशी, तुमी तं मानता ना, का म्या नाई केलं?"

"मानते." सत्यभामाबाईंचा आवाज एरवीही फार वर चढत नसे. "आन् ऐक. ज्यानं केलं त्याचं नाव लागू दे. म्या सोता रोहिणखेडले येईन. तुह्या बापाच्या अंगणात उभी राहून सांगीन, आन् तुले घेऊन येईन."

कोकिळा गेली. सत्यभामाबाई परत टेबलाशी आल्या. देवाचं नाव घेतलं, बाटली उचलली आणि आबांनी शिकवल्याप्रमाणे मान स्थिर ठेवून ती डावीकडं फिरवली.

वेल चालत आली नाही. ती मागं मागं गेली.

२

वीस वर्षं एकाच दिशेनं बाटल्या फिरवलेला तो हात. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिली. त्यांची वेल उजवीकडं चढायची, म्हणून बाटली डावीकडं फिरवली की मोगरा फांदीफांदीनं समोर यायचा. ही वेल डावीकडं चढत होती. मैनासुद्धा भलत्याच खांद्यावरून मागं पाहत होती.

"मालक, हे उलटं हाय."

"मुद्दाम केलं असंन," रंगराव कपाळ चोळत म्हणाले. "उद्या कोणी बोललं तं म्हणायले बरं, का आमची नक्षी येगळी हाय."

"येगळं दाखवायचं असतं तं मैनेच्या जागी पोपट काहाडला असता. मोगऱ्याच्या जागी जाई. त्याले मेहनत कमी. आख्खी नक्षी उलटी करणं सोपं नसते, भाऊ. आन् मैनेखालचं नाव पाहा. ते सुलटच हाय, कारण ते त्याचं त्यानं लिहेल हाय."

रंगरावांनी बाटली घेतली, पाहिली आणि परत दिली. "मंग?"

"मंग मले दोन दिवस द्या. आन् कागद दाखवा."

कागद आणि बाटली शेजारी ठेवून त्या पान न् पान लावत बसल्या. चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मं काढायचा त्यांचा नेम होता. एक जरी कमी पडलं तरी त्यांच्या बोटांना आधी कळायचं. तशाच बोटांनी त्या पानं मोजत गेल्या. पहिली फांदी जुळली. दुसरी जुळली. तिसऱ्या फांदीवर, मैनेच्या शेपटीखाली, त्या थांबल्या.

केशरूपाच्या बाटलीवर तिथल्या पानाचा शेंडा दुभंगलेला होता, सापाच्या जिभेसारखा. कागदावर तेच पान सरळ, टोकदार आणि अखंड होतं.

असा शेंडा नक्षीकाराच्या मनात येत नाही. कुंचला घसरला तरच येतो. आणि तो घसरलेला कुंचला कुणाचा होता, हे सत्यभामाबाईंना आठवलं.

त्यांचाच.

३

शंकरराव चहा बशीत ओतत होते. "भामाबाई, आता माह्यावर पाळी का? बाटली म्या आणली, चोर बी मीच!"

"चिडू नका. नमुना अकोल्याले तुमीच नेला ना?"

"मीच. पेटीत, पेटीले सुतळी, सुतळीवर लाखेचं शिक्कामोर्तब. शेठजीनं सोता फोडलं. त्याच्या बायकोनं बाटली हातात घेतली तं सोडेना. म्हने, तेल नसलं तरी चालते." ते हसले. "शेठजीनं बुडाले आपल्या सहीची चिठ्ठी लावून परत देली. आता ते मालकाच्या कपाटात हाय. दुसरी बाटलीच नोती केली तुमी."

हे खरं होतं. श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी केलेला तो एकच नमुना. रंगरावांनी तो काढून दिला. काच भट्टीतून निघून महिना झाला होता, तरी गळ्याची सोनेरी रेघ निखाऱ्यासारखी उजळ होती. सत्यभामाबाईंनी बाटली डावीकडं फिरवली. पहिली फांदी. दुसरी. तिसरी.

पान अखंड होतं. जरासं जाड, पण अखंड.

कागदावर दुभंग नाही, पक्क्या नमुन्यावर दुभंग नाही, आणि चोराच्या बाटलीवर मात्र आहे.

त्या नमुना पदराखाली धरून भट्टीकडं गेल्या. अर्जुनराव राखेत बसून विटा बदलत होते. ओली बाटली भट्टीत लावायची ती त्यांनीच. दुसऱ्या कुणाला ते भट्टीच्या दाराशी उभंही राहू देत नसत.

"अर्जुनभाऊ, एक इचारू? रंग ओला असताना बाटलीवर कागद गुंडाळला तं काय होईन?"

"काय होईन? रंग कागदाले लागीन आन् मी तुमच्या नावानं बोंब मारीन."

"आन् कागद सोडला तं त्यावर नक्षी कशी दिसंन?"

अर्जुनरावांचे हात थांबले. ते उठले, सकाळीच रंगवून ठेवलेली गुलाबपाण्याची एक खराब बाटली उचलली आणि तिच्यावर पातळ कागद दाबून अलगद सोडला. कागदावर फुलांचा झुबका उमटला होता. बाटलीवर जो उजवीकडं झुकला होता, तो कागदावर डावीकडं झुकला होता.

"बापा!" ते म्हणाले. "कागद मागून पाहाले पाहिजेन तवा तो सुलटा दिसते."

"ज्याच्या हाती पडला त्याले हे कोणी सांगलं नाई."

अर्जुनरावांचा चेहरा उतरला. ओल्या बाटलीला हात लागतो तो नक्षीकाराचा आणि भट्टीवाल्याचा. हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. "म्हणजे तुमचं म्हणणं, म्या..."

"तो नमुना तुमच्या हाती आला तवा या पानाचा शेंडा कसा होता?"

त्यांनी नमुना हातात घेतला, पानावर बोट ठेवलं. "असाच होता, अखंड. त्या दिवशी तुमी बोलत नोत्या, म्हणून मीच बोललो होतो, का आज वेलीवर रंग दुबार चढला काय, लय ठसठशीत दिसते. तुमी मान हालवली आन् बाटली माह्या हातात देली."

सत्यभामाबाईंनी डोळे मिटले. ठसा उमटला तो शेंडा जोडण्याआधी, बाटली भट्टीकडं येण्याच्याही आधी. अर्जुनराव या क्षणी निर्दोष सुटले होते. पण त्यांना सोडवणारी गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडत होती, आणि ते नाव मनात आणायलाही त्यांचं मन तयार होईना.

४

श्रावणातल्या सोमवारी त्या सूर्य मावळेपर्यंत मौन धरायच्या. गेली नऊ वर्षं त्यांच्या जोडीनं अंबूबाईही उपास धरायची. मौन तिला जमत नसे. "माह्या तोंडाले कुलूप लावलं तं मी फुटून जाईन वं भामे," ती म्हणायची. कारखान्यात तयार बाटल्या पतंगी कागदात गुंडाळून पेटीत भरायचं काम तिचं. संध्याकाळी दोघी महादेवाचं दर्शन घ्यायच्या आणि एका ताटात उपास सोडायच्या. सख्ख्या बहिणीचं सत्यभामाबाईंना सुख नव्हतं. ते त्यांनी तिथं भरून काढलं होतं.

त्या दुसऱ्या सोमवारी सकाळी नमुना रंगवून झाला. शेवटच्या क्षणी कुंचला घसरला आणि पानाचा शेंडा दुभंगला. आल्यावर नीट करू म्हणून त्यांनी बाटली फळीवर ठेवली आणि सगळा कारखाना अभिषेकाला गेला. रंगराव, कोकिळा, भट्टीवाले, सगळे. शंकरराव फिरतीवर होते. अंबूबाईनं पाय सुजल्याचं सांगितलं. "तुमी जा, मी दारात बसते," म्हणाली.

परत आल्यावर सत्यभामाबाईंना बाटलीवरची वेल मलूल दिसली. रंग सगळीकडून सारखाच उडाल्यासारखा. एरवी त्यांनी तिथल्या तिथं विचारलं असतं. पण मौन होतं. त्यांनी अंबूबाईकडं नुसतं पाहिलं.

"दमट हवा हाय वं माय," अंबूबाई म्हणाली होती, आणि रंगाची बशी त्यांच्यापुढं सरकवली होती.

सत्यभामाबाईंनी पुन्हा सगळी वेल रंगवली, शेंडा जोडला, बाटली अर्जुनरावांकडं दिली. संध्याकाळी मौन सुटलं तेव्हा गरम वरणभाताची चव आणि अंबूबाईच्या गप्पा, यात ती मलूल वेल विसरून गेली.

आज महिन्यानं ती बशी त्यांना आठवली. तेलात घोटलेला रंग दोन तास उघडा राहिला की त्यावर साय धरते. सकाळचा रंग होता, त्यावर साय असायला हवी होती. बशीतला रंग ताजा होता, नुकता घोटलेला. रंग उडाला आहे हे सत्यभामाबाईंनी पाहण्याआधीच, तो पुन्हा चढवावा लागणार हे कुणाला तरी माहीत होतं.

त्या दिवशी त्यांनी याला माया समजलं होतं.

शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, अंबूबाईच्या घरी दुपारची सामसूम होती. अंगणात तिची लेक चांगुणा शेंगा फोडत बसली होती. नवऱ्यानं माहेरी आणून सोडल्याला तिला वर्ष झालं होतं. सत्यभामाबाई आत गेल्या, पाटावर बसल्या आणि पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून समोर ठेवल्या.

अंबूबाईनं बाटल्यांकडं पाहिलं नाही. तिनं आधी दार लोटलं.

"पोरीनं ऐकू नये," ती म्हणाली.

इतकंच पुरेसं होतं. तरी सत्यभामाबाई थांबल्या. नऊ वर्षांत त्यांनी अंबूबाईला इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

"जावई तिथंच कामाले हाय," अंबूबाई शेवटी बोलली. "त्या केशरूपावाल्याकडं. मले म्हने, तुमच्या तिथल्या एखाद्या चांगल्या बाटलीची नक्षी आणून द्या, माह्या मालकाच्या मनात भरली तं मी चांगुणेले घेऊन जातो. काय करू वं? वर्षभर पोरगी चुलीपाशी बसून राह्यली. पोळ्याच्या आधी कागद नेला त्यानं. पोळा झाला. महालक्ष्म्या झाल्या. अजून तोंड दाखवलं नाई मेल्यानं."

"मले सांगलं असतं."

"तू नाई म्हटलं असतं."

"हाव. नाई म्हटलं असतं. पण तुह्यासंगं येऊन त्याच्या दारात बसली असती." सत्यभामाबाईंचा आवाज अजूनही मऊच होता. "येक सांग. फुरसतीचे दिवस बाकीचे बी होते. सोमवारच काऊन धरला?"

अंबूबाईनं पदर तोंडाशी नेला.

"त्या दिवशी तू बोलत नाई ना, म्हणून."

सत्यभामाबाईंना वाटलं, कुणीतरी देव्हाऱ्यातला दिवा घेऊन त्यानंच घर पेटवलं. इतकी वर्षं त्या मौनात महादेवाला जे देत आल्या, ते या बाईनं हातातलं हत्यार करून वापरलं होतं. आणि त्याच संध्याकाळी, त्याच हातानं, ताटातला पहिला घास त्यांच्याकडं सरकवला होता.

"आता बी बोलू नोको भामे," अंबूबाई त्यांचे पाय धरू लागली. "माहं नाव नोको घेऊ. पोरीचं वाटोळं होईन. त्या कोकिळेचं काय, ते तरणी हाय, चार दिवसानं लोक इसरून जातीन."

सत्यभामाबाईंनी पाय मागं घेतले.

"गुरुवारी मालकानं तिले काहाडलं, तवा तू कुठं होती?"

"...पेट्या भरून राह्यली होती."

"माह्या शेजारी उभी होती. पोरगी रडून राह्यली होती आन् तू बाटलीले कागद गुंडाळून राह्यली होती." त्यांनी दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या. "मालकाले मी सांगणार. चांगुणेले मी काई सांगणार नाई, ते तुलेच सांगा लागीन."

बाहेर पडताना चांगुणेनं मूठभर शेंगा त्यांच्या पुढं केल्या. "मावशी, घेऊन जा."

नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. शेंगा त्यांनी घेतल्या.

५

रंगरावांनी सगळं ऐकलं. कागद, नमुना, केशरूपाची बाटली, तीन पानं एका ओळीत ठेवून त्यांनी स्वतः पाहिली. मग केशरूपाची बाटली दूर सारली.

"बशी," ते म्हणाले. "नुसत्या बशीवरून."

"बशीवरून नाई भाऊ. तो तुटका शेंडा या जगात फक्त अभिषेकापुरता होता. त्या वेळात दारात कोण बसलं होतं, ते तुमाले बी माईत हाय. आन् तिनं कबूल केलं."

"शेठजीले काय सांगू?"

"खरं सांगा. आन् सांगा, का त्यायच्या बाटलीसाठी मी नवी नक्षी देते, नवरात्र बसायच्या आत. मैना नाई, मोगरा नाई."

रंगरावांनी मान हलवली. मग घसा साफ केला. "कोकिळेच्या बापाले मी चिठ्ठी लिहितो. निवृत्तीभाऊले. शंकरराव पुढच्या हप्त्यात तिकडं जातीलच."

"चिठ्ठी लिवा. तुमच्या सहीची पाहिजेनच. पण पुढचा हप्ता नाई." त्या उभ्याच होत्या. "धामणगावच्या पाव्हण्यायनं आजच तिच्या मामाकडं निरोप पाठवला म्हने, का पोरीवरचा आळ जात नाई तोवर आमच्या दारात येऊ नका. चार दिवसात ते दुसरी पोरगी पाहातीन. आन् आळ तुमी चारचौघात घेतला, भाऊ. तो पाकिटातून जात नाई."

रंगरावांनी दौत पुढं ओढली. चिठ्ठी लिहून झाल्यावर खाली सही केली, मग थांबले, आणि सहीच्या वर आणखी एक ओळ लिहिली. ती त्यांनी वाचून दाखवली नाही. सत्यभामाबाईंनीही विचारली नाही. कपाटाची किल्ली मात्र त्यांनी खिशातून काढून चिठ्ठीवर ठेवली.

शनिवारी सकाळी सत्यभामाबाईंनी नेहमीपेक्षा लवकर स्नान केलं. तेहतीस गोपद्मं काढली, हळदकुंकू वाहिलं, कहाणी मनात म्हटली. चुलीवर दोन भाकरी टाकल्या, ठेचा वाटला आणि फडक्यात बांधला. आज उपास नव्हता आणि वाट लांबची होती. भिंतीपाशी दोन पाट उभे असायचे. अंबूबाईचा त्यांनी तसाच राहू दिला.

स्टँडवर बुलढाण्याची गाडी लागली होती. तिथून मोताळ्याला दुसरी, आणि पुढं मिळेल ते, नाही तर पाय होतेच. त्या कधी एकट्या एवढ्या लांब गेल्या नव्हत्या. कंडक्टरनं ओळखून खिडकीची जागा दिली.

"बाई, आज इकडं कुठं? कारखाना बंद हाय का?"

"चालू हाय."

"मंग पाव्हण्याकडं?"

सत्यभामाबाईंनी पिशवी मांडीवर नीट घेतली. आत दोन बाटल्या होत्या, पेंढा लावून वेगवेगळ्या बांधलेल्या, आणि मधे ती चिठ्ठी. किल्ली त्यांनी पदराच्या गाठीत बांधली होती.

"रोहिणखेडले," त्या म्हणाल्या. "एका घरी बोलायचं हाय."

कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि घंटी मारली.